वृषालीचं चाक आणि वरची कडी

४ मे, रविवार

ही वही वृषालीनं दिली. खताच्या दुकानाची डायरी आहे, वर कांद्याचं चित्र. म्हणाली, "आजी, रोज लिहायचं. नाहीतर अक्षरं विसरशील." मी शाळा शिकले दुसरीपर्यंत, ती पण माहेरी, नेवाशाकडं. मग एकदम पन्नाशी उलटल्यावर विहारात बायकांचा वर्ग भरायचा, तिथं पुन्हा अ आ इ ई. मास्तरीण माझ्या सुनेपेक्षा लहान. तिनं मला पाटीवर चांदणी काढून दिली होती, ती पाटी मी अजून पुसली नाही.

वृषाली म्हणजे माझ्या तुषारची मुलगी. अकरा वर्षांची, आता सहावीत जाईल. पुण्याला राहतात. सुट्टीला आली आहे. परवा तुषार सोडून गेला अन् जाताना दारात उभा राहून म्हणाला, "आई, आठ जूनला न्यायला येतो. तुम्हा दोघींना."

दोघींना म्हणाला. म्हणजे मला पण. घराला कुलूप.

त्याचं असं झालं की जानेवारीत हौदापाशी माझा पाय घसरला, उजव्या अंगावर पडले. पाथर्डीच्या दवाखान्यात फोटो काढला, हाड मोडलेलं नव्हतं. पण खांदा आखडला तो आखडलाच. हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी घालता येत नाही, दोरीवर लुगडं वाळत घालता येत नाही अन् मोठी गोष्ट म्हणजे दाराची कडी लागत नाही. आमच्या दाराला कडी एकच, तीही पार वर. दार फुगलेलं आहे. डाव्या हातानं दाबून धरावं लागतं तेव्हा उजव्यानं कडी चढते. तर मी चार महिने दाराला आतून पाटा लावून झोपते, मसाला वाटायचा दगडी पाटा. हे रंगूबाईनं, शेजारणीनं, तुषारला फोनवर सांगितलं. तिच्या पोटात गोष्ट टिकत नाही.

कागद चित्रांचा दिला होता डॉक्टरीणबाईनं, व्यायाम करा म्हणून. त्यातला माणूस भिंतीला हात लावून उभा. मी म्हटलं, मला काय भिंत ढकलायची आहे का? तो कागद डाळीच्या डब्याखाली घातला, डबा डुगडुगत होता.

मला पुण्याला जायचं नाही. हे मी कुणाला बोलले नाही. वहीला सांगितलं तर चालतं.

५ मे

आज वृषालीला माझ्या लहानपणचं सांगत होते. आमच्या गावाला प्रवरेची वाळू. परकराचा काष्टा मारायचा अन् हात टेकून पाय आभाळात, असं गोल गोल फिरत नदीपर्यंत जायचं. आम्ही त्याला चाक मारणं म्हणायचो. माझ्याइतकी चाकं कुणीच मारत नव्हतं, अंगद नावाचा एक पोरगा होता तोसुद्धा नाही. मग चुलत्यानं एकदा बघितलं अन् माझ्या आईला बोलला. तेव्हापासून बंद. पुढच्या वर्षी लग्नच झालं.

वृषाली ऐकता ऐकता माझ्या हाताकडं बघत होती. मग म्हणाली, "आजी, त्याला कार्टव्हील म्हणतात. मला येत नाही. तू शिकव."

मी म्हटलं, "अगं बाई, या हातानं?"

"तू नुसतं सांग. मी करते. आपण आठ जूनच्या आत शिकायचं."

मला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा घातली. नातीला शिकवायला माझ्याकडं काहीतरी आहे!

६ मे

पोरगी कामाची आहे. न सांगता डाळीचा डबा पुसला, खालची फळी पुसली. आता डबा परत डुगडुगतो.

७ मे

आज फजिती. अंगण कडक आहे, पोरीचे हात सोलतील म्हणून मी पहाटेच डाव्या हातानं शेणानं सारवलं, चांगलं जाड. वाळू द्यायचं भान राहिलं नाही. वृषाली पळत आली, हात टेकले अन् सर्रकन पोटावर. तोंडापर्यंत शेण. चंदी (आमची शेळी) दावं ताणून बघत होती. रंगूबाई कुडापलीकडून म्हणते, "सुमन, नातीला गवऱ्या थापायला शिकीवती का?"

वृषाली हसता हसता बसलीच खाली. न्हाऊ घालताना विचारलं, लागलं का? कुठंच नाही. पोर लई हलकी पडते. मांजरासारखी.

९ मे

वृषाली म्हणते आधी हात तयार पाहिजेत. तिनं कुठूनसा एक चित्रांचा कागद मिळवला आहे, वहीत घडी घालून ठेवते, बघू म्हटलं तर देत नाही. "चाकाची चित्रं आहेत, तुला कळणार नाहीत." बरं बाई.

तर दाराशेजारच्या भिंतीपाशी उभं राहायचं अन् बोटं मुंगीसारखी वर वर चालवायची. जिथं थांबतील तिथं कोळशानं रेघ मारायची. वृ तिची, सु माझी. मी म्हटलं, माझी कशाला? तर म्हणाली, "एकटीला कंटाळा येतो. स्पर्धा लावू."

माझी मुंगी पिशवीच्या खुंटीपर्यंत गेली अन् खांद्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढं चांदण्या. तिची रेघ लाईटच्या बटणाच्या वर. हरले. पण हरायला मजा आली.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

विहारात वंदना झाली. बायकांनी खीर केली होती, वृषालीनं तीन वाट्या खाल्ल्या. घरी आल्यावर ह्यांच्या तसबिरीला हार घालायचा होता. हात पोचेना. वृषालीनं खुर्चीवर चढून घातला.

ह्यांचं नाव रंभाजी. आता लिहायला काय लाजायचं, तीन वर्षं झाली जाऊन. गवंडी होते, हे घर त्यांनी स्वतः बांधलं, मी विटा दिल्या. कडी वर का लावली त्याची पण गंमत आहे. तुषार तीन वर्षांचा होता अन् बाजाराच्या दिवशी रस्त्यावर पळायचा. एकदा टेम्पोच्या चाकापासून चार बोटांवर सापडला. त्या संध्याकाळी ह्यांनी खालची कडी उपटली अन् वर ठोकली, पोराचा हात पोचू नये म्हणून. आता त्याच पोराला वाटतं, आईचा हात पोचत नाही म्हणून तिला न्यावं.

रंगूबाई म्हणते सुताराकडून कडी खाली घे. मी तुषारला फोनवर ते बोलून बघितलं. म्हणाला, "कडी खाली घेशील आई, पण हात? पाणी कोण भरणार, केस कोण विंचरणार?" खरं आहे त्याचं. मायेनंच बोलतो.

अन् खरं सांगू का, ती कडी मला हलवायची नाही.

१५ मे

चाकाच्या शिकवणीत लई प्रकार निघाले. वाकून, तांब्यात पाणी भरून हात लंबकासारखा हलवायचा. काठी दोन्ही हातांनी धरून डोक्यावर न्यायची. लिंबाच्या फांदीवरून दोर टाकला आहे, एका हातानं ओढलं की दुसरा वर जातो, अगदी रहाटासारखं. मी विहिरीवर जन्म काढला, हे मला बरं जमतं.

सगळं दोघींनी करायचं. वृषाली मोजते, मी दम खाते. गंमत म्हणजे मला कळ आली की तीच म्हणते, "आजी, थांबू. माझे हात दुखले." इतक्या लहान पोरीचे हात का दुखावेत? पुण्याचं पाणी.

मग ती अंगणात चाक मारते अन् पडते. मी सांगते, "नजर हातांच्या मधी ठेव. कंबर वर फेक. भिऊ नको." अर्धवट जातं. मग माझ्याकडं बघते अन् हसते. का हसते कोण जाणे.

१९ मे

रंगूबाई दुपारी आली, पदराखाली चार पेरू. बसली अन् म्हणते, "तुझी नात लई भारी हाय गं. विहाराच्या मागं एका दमात चार कोलांट्या घेतल्या, भिंगरीवानी."

मी म्हटलं, "कोलांट्या न्हाई, चाक. अन् तिला अजून येत न्हाई."

"माझ्या डोळ्यांनी बघितलं!"

"तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, रंगू. दुसऱ्या कुनाची पोर असंल."

"तुझी नात मला वळखू येत न्हाई व्हय? पिवळी चड्डी हुती."

पिवळी चड्डी आमच्या तिसगावात शंभर पोरांना असेल. रंगूबाईला शेतातलं बुजगावणं एकदा सरपंच वाटलं होतं, नमस्कार करून आली.

२१ मे

आज वाईट दिवस. लिहू का नको असं झालं, पण वही कशाला आहे.

दोराच्या वेळी खांद्यात कचकन झालं. मी ओरडले. अन् मग तोंडातून गेलं, "बास झालं तुझं! चाक तुला शिकायचंय, म्हातारीला कशाला नाचीवती? मला जमत न्हाई, जमनार न्हाई."

पोरगी एकदम पांढरी पडली. मला वाटलं रुसेल. ती रडायलाच लागली, हुंदके देऊन. "मग जा पुण्याला! जा आणि गॅलरीत बस! तिथं अंगण नाही, चंदी नाही, रंगूआजी नाही. मी शाळेत, आई-बाबा कामावर. दिवसभर कुणाशी बोलशील?"

मी तिला एका शब्दानं सांगितलं नव्हतं की मला जायचं नाही. हिला कुठून कळलं?

शेवटी जवळ घेतलं. मला कळेना, चाक येत नाही म्हणून कुणी इतकं रडतं का? मी किती वाईट शिकवणारी. मास्तरीणबाईनं माझ्या पाटीवर चांदणी काढली होती, मी मात्र पोरीवर ओरडले.

२२ मे

सकाळी मीच कोळसा हातात घेतला. "चल," म्हटलं, "मुंगी चालवू." तिनं माझ्या कमरेला मिठी मारली. आज दोर नाही, नुसता तांब्या अन् भिंत. सावकाश.

२६ मे

अवकाळी पाऊस, घरातच सगळं. माझी रेघ लाईटच्या बटणाशी आली! वृषालीची तिथंच आहे, बटणाच्या वर. मी म्हटलं, "अगं जोर लाव की, मी गाठते तुला." म्हणाली, "लावते आजी, होत नाही." बिचारी.

३० मे

आज माझा अंबाडा मी घातला. वाकडा, पण माझा. पाच महिन्यांनी मानेला स्वतःच्या बोटांचा स्पर्श. आरशात बघितलं तर रडू आलं, मग हसू आलं, कारण मागं वृषाली उड्या मारत होती जशी काही तिलाच बक्षीस मिळालं.

दोरीवर लुगडं पण टाकलं. कुडापलीकडून आवाज आला, "नवरीबाई, अंबाड्यात फूल खोचा की!" रंगूबाई. तिचं लक्ष माझ्यावरच असतं, चूल करपली तरी चालेल.

३ जून

चाक जवळजवळ आलं. पाय सरळ राहतात आता. एक शेवटचा झोक चुकतो. पाच दिवस राहिले. मी तिला सांगितलं, "नाही आलं तरी चालंल. तू लई प्रयत्न केलास." ती म्हणाली, "येणार आजी. तुझं बघ आधी." माझं काय बघायचं?

कडी मी अजून करून बघितली नाही. भीती वाटते. नाही चढली तर?

६ जून

आज काय झालं ते नीट लिहिते.

परवा तुषार येणार म्हणून भिंतीला चुना मारायला काढला. दाराशेजारच्या भिंतीपाशी कुंचला बुडवून उभी राहिले. वृषाली रंगूबाईकडं चंदीला पाला आणायला गेली होती. म्हटलं या काळ्या रेघा आधी झाकाव्यात, अन् मारायच्या आधी सहज मोजल्या.

माझ्या रेघा बावीस. खुंटीपासून सुरू, चिकटून चिकटून वर, मधे एका जागी दोन दिवस थांबलेल्या, तो रडण्याचा दिवस असणार. मग बटण, मग बटणाच्या वर, आणि कालची तर चौकटीच्या कोपऱ्याला लागलेली.

वृषालीची रेघ एकच. पहिल्या दिवशीची. त्याच रेघेवरून रोज कोळसा फिरवून फिरवून ती माझ्या बोटाएवढी जाड झालेली.

मी कुंचला खाली ठेवला अन् तशीच ओल्या चुन्याच्या बादलीशेजारी बसले.

मग एकेक आठवायला लागलं. डाळीचा डबा कधीपासून डुगडुगतो ते. मला पुण्याला जायचं नाही हे मी फक्त या वहीला सांगितलं होतं, अन् वही घरात उघडीच पडलेली असते. भिंतीला हात लावलेला चित्रातला माणूस. माझा खांदा दुखला की तिचे हात दुखायचे. मांजरासारखी हलकी पडायची ती. पिवळी चड्डी! रंगूबाईच्या डोळ्यांना मी किती नावं ठेवली.

मला वाटत होतं मी शिकवते आहे.

वृषाली आली तेव्हा मी भिंतीला चुना मारत होते. तेवढी एक हातभर पट्टी सोडून. "इथं का नाही मारला?" तिनं विचारलं.

"चुना संपला," मी म्हटलं. बादली अर्धी भरलेली होती. तिनं बादलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं अन् चंदीला पाला टाकायला गेली. ज्याच्या त्याच्या पोटात राहू दे.

८ जून, रविवार

तुषार दहाच्या एस्टीनं आला. पाणी प्यायला, इकडं तिकडं बघितलं. "आई, सामान भरलं?"

मी म्हटलं, "आधी दार लाव, चंदी आत येती."

तो उठला. मी म्हटलं, "बस. मीच लावते."

डाव्या हातानं दार दाबलं. उजवा वर नेला. पहिल्यांदा बोटं कडीला लागली अन् निसटली. दुसऱ्यांदा कडी हलली पण कोयंड्यात बसेना, खांद्यात चमक आली. वृषाली हळूच म्हणाली, "मुंगी, आजी." मी बोटं चौकटीवरून चालवली, एक, दोन, तीन, अन् कडी टक्कन बसली.

तो आवाज मी पाच महिन्यांनी ऐकला.

तुषार कडीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "अण्णांनी ही माझ्यामुळंच वर लावली ना?"

"व्हय. तू पळायचास."

"मग आता कशाला लावलीस? मी पळतोय का?"

"पळशील म्हनूनच लावली. मला घिऊन."

तो हसला, पण त्याचे डोळे भरले. लहानपणी पण असंच व्हायचं त्याचं, दोन्ही एकदम. मग त्यानं एकेक विचारायला सुरुवात केली, पाणी, केस, भाकरी. मी अंबाडा दाखवला, दोरीवरचं लुगडं दाखवलं, भाकरी म्हटलं खाऊनच बघ. पिठलं-भाकरी खाल्ली त्यानं, तीन भाकरी. हात पुसत म्हणाला, "दिवाळीपर्यंत राहा. दिवाळीत मी बघणार. आणि रोज फोन."

"दोन येळा कर."

तेवढ्यात वृषाली अंगणातून ओरडली, "बाबा, बघा, आजीनं मला काय शिकवलं!"

बाहेर गेलो. रंगूबाई कुडाशी हजरच. वृषालीनं हात वर केले, धावली, अन् गेली की! पहिलं चाक, दुसरं, तिसरं, चौथं, थेट लिंबापर्यंत, पाय आभाळात काठीसारखे सरळ. चंदी दचकून मागं सरली. मला प्रवरेची वाळू दिसली.

तुषार म्हणाला, "अगं, पण तुला तर शाळेत—"

वृषालीनं त्याच्याकडं अशी नजर रोखली की बस. त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. मग घसा खाकरून म्हणाला, "हिला शाळेत... सगळ्यांना दाखवता येईल आता. छान शिकवलंस आई."

मी म्हटलं, "पोर हुशार हाय. लवकर शिकली."

रंगूबाई तोंड उघडणार होती, "मी तर आधीच—" मी तिच्या हाताला असा चिमटा काढला, उजव्या हातानं, की ती गप्पच झाली.

एस्टीत बसताना वृषाली कानात म्हणाली, "आजी, डाव्या बाजूनं मला अजून येत नाही."

"मग दिवाळीला ये," मी म्हटलं. "ते जरा अवघड असतं. येळ लागंल."

१० जून

घर लई मोठं वाटतं. काल काही लिहिलं नाही.

आज रंगूबाईला बोलावलं अन् दोघींनी मिळून पाटा दारापासून उचलून चुलीपाशी नेला, त्याच्या जागेवर. ती म्हणाली, "किती जड गं, एवढा रोज ढकलायचीस?" मी म्हटलं, पायानं. पाटा धुतला, मिरच्या-लसणाचा ठेचा वाटला. पाच महिने तिच्या मिक्सरमधला खात होते, त्याला चव नसते, हे मी तिला आज सांगितलं. तिनं वाटीभर नेला अन् म्हणाली तिखट फार आहे. रिकामी वाटी लगेच परत आणली.

मघाशी कडी लावली. पहिल्याच झटक्यात नाही, दुसऱ्या. मग भिंतीपाशी उभी राहिले, मुंगी चालवली अन् माझी रेघ मारली, कालच्यापेक्षा एक केसभर वर.

कोळसा हातात होताच. वृषालीच्या रेघेवरूनही एकदा फिरवला.